सव्वा तासाचं उड्डाण आणि आमचा अख्खा दिवस

प्रति,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालय,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
आणि प्रादेशिक मार्गांवर विमानं चालवणाऱ्या कंपन्यांमधले वेळापत्रक ठरवणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

पुणे ते नांदेड अंतर आकाशातून सरळ रेषेत साधारण ३६५ किलोमीटर भरतं. रस्त्यानं, नगर-बीडवरून जा नाहीतर टेंभुर्णी-लातूरवरून, साडेचारशेच्या आसपास. एटीआर-७२ हे पंख्यांचं विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं. एवढ्या तीन आकड्यांवर छोट्या मार्गांची सगळी जाहिरात उभी राहते: दहा तासांचा प्रवास आता सव्वा तासात! फीत कापली जाते, पहिल्या प्रवाशाला गुलाबाचं फूल मिळतं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. मग कधीतरी रोजचं विमान आठवड्यातून तीन दिवसांवर येतं, पुढे बुकिंग गुपचूप बंद होतं आणि वरून कारण येतं की प्रवासी मिळत नाहीत.

प्रवासी कुठे असतात ते सांगतो. रात्री नऊनंतर संगमवाडीच्या ट्रॅव्हल्सच्या तळावर या, किंवा वाघोलीत नगर रोडच्या कडेला उभे राहा. लातूर, परभणी, नांदेड, हिंगोली अशा पाट्या लावलेल्या स्लीपर गाड्या एकामागून एक भरून निघतात. त्यात आयटीतली पोरं असतात, दवाखान्याची फाइल छातीशी धरलेले म्हातारे असतात, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या मुली असतात, तारखेला निघालेले पक्षकार असतात. दिवाळीच्या आधी याच सीटचं भाडं विमानाच्या तिकिटाच्या अंगाला जाऊन भिडतं आणि तरी लोक ते देतात. म्हणजे पैसे द्यायची तयारी नाही, असं म्हणायला जागा नाही.

मी त्यांच्यातलाच. मूळचा नांदेड जिल्ह्यातला, राहायला वाघोलीत, नोकरी चाकणच्या पट्ट्यात मालवाहतुकीच्या नियोजनाची. माल कारखान्याच्या दारातून कधी निघाला आणि गिऱ्हाइकाच्या दारात कधी पोचला, एवढंच आमच्या धंद्यात विचारतात. मधे ट्रक ताशी किती किलोमीटरनं पळाला हे ड्रायव्हर आणि डिझेलवाला सोडून कुणी विचारत नाही. त्यामुळे तुमचं वेळापत्रक बघताना माझी नजर आधी दाराकडे जाते.

आधी आकाशातला हिशेब संपवू, कारण तिथेही छापील आकडा आणि प्रत्यक्ष यांत फरक आहे. ३६५ भागिले ५०० केलं की ४४ मिनिटं येतात. पण विमान काही उडी मारून ताशी ५०० वर जात नाही. ते चढतं, जेमतेम थोडा वेळ सरळ जातं आणि उतरायला लागतं. अंतर जितकं कमी, तितका चढण्या-उतरण्याचा वाटा मोठा. म्हणूनच ताशी ८०० किलोमीटरनं उडणारं मोठं जेट या मार्गावर आणलं तरी वेळ त्या प्रमाणात वाचत नाही. पूर्ण उंची आणि पूर्ण वेग गाठेपर्यंत उतरायची तयारी सुरू झालेली असते. त्यात लोहगावची, म्हणजे पुणे विमानतळाची, धावपट्टी पूर्व-पश्चिम. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असला की विमान पश्चिमेकडे तोंड करून सुटतं, आणि नांदेड तर पूर्वेला. म्हणजे आधी येरवड्याच्या दिशेनं झेपावायचं, वळसा घ्यायचा आणि मग मराठवाड्याचा रस्ता धरायचा. शिवाय लोहगाव हा हवाई दलाचा तळ. धावपट्टी त्यांची, आपण तिथले भाडेकरू. लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर थांबायचं, आणि त्याबद्दल तक्रारही नाही.

वाऱ्याचाही हात असतो. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून वाहणारे वारे जाताना विमानाला ढकलतात आणि येताना अडवतात. समजा ताशी ५० किलोमीटरचा वारा आहे, तर ३६५ किलोमीटरला जाताना ४० मिनिटं आणि येताना ४९. फरक नऊ मिनिटांचा. दिल्ली-मुंबईच्या प्रवाशाला असले फरक जाणवत असतील, आम्हाला नाही. नांदेडला उतरून नऊ मिनिटं आधी पोचलो म्हणून कुणी पेढे वाटल्याचं ऐकलेलं नाही.

तिकिटावर जी वेळ छापता ती तुमच्या भाषेत ‘ब्लॉक टाइम’. चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं तिथपासून, उतरून पुन्हा ठोकळे लागेपर्यंत. त्यात तुम्ही थोडी मोकळीक धरून ठेवता, म्हणजे उशीर झाला तरी कागदावर वेळेत. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर तर वक्तशीर म्हणूनच मोजला जातो. हे सगळीकडे चालतं, त्याबद्दल वाद नाही. पण याच ब्लॉक टाइमवर नुकसानभरपाईही ठरते हे किती प्रवाशांना माहीत असेल? महासंचालनालयाच्याच नियमानुसार वेळेत न कळवता विमान रद्द झालं, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून जी रक्कम होते ती, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे पुणे-नांदेड नेमकं काठावर. जेटनं तासाभरात गेलात तर एक गट, एटीआरनं सत्तर मिनिटांत गेलात तर दुसरा. पण तिकीट दोन-अडीच हजारांचं असेल, तर ‘जे कमी असेल ते’ या चार शब्दांत दोन्ही गट सारखेच होऊन जातात. हवामान किंवा सुरक्षेचं कारण निघालं तर तेवढंही नाही.

आता जमिनीवर येऊ. हिंजवडीत राहणाऱ्या माणसाला लोहगाव गाठायला संध्याकाळी दीड तास सहज लागतो. मेट्रो वनाझपासून रामवाडीपर्यंत आहे, पण रामवाडीला उतरून बॅग घेऊन पुढे रिक्षा शोधायचीच. मी वाघोलीचा, विमानतळ कोसावर म्हणायला हरकत नाही, तरी नगर रोड तुंबला की माझाही पाऊण तास जातो. दोन तास आधी पोचायचं, रांगा लावायच्या. मग सव्वा तासाचं उड्डाण. पलीकडे नांदेडचा विमानतळ शहराला लागूनच, तिथे वेळ जात नाही. पण देगलूर, किनवट, हिंगोलीच्या माणसाचा पुढचा प्रवास तिथून सुरू होतो. उलट येताना लोहगावला उतरून बॅग घेतली की पार्किंगच्या एरोमॉल इमारतीपर्यंत चालायचं, कॅब लावायची, आणि ड्रायव्हर ‘कुठं जायचंय’ विचारून रद्द करेल तेवढ्या वेळा पुन्हा लावायची. बेरीज केली तर घरापासून घरापर्यंत पाच-साडेपाच तास. बसला घरापासून घरापर्यंत अकरा. कागदावर विमान अजूनही निम्म्यानं पुढे आहे.

पण बसचे ते अकरा तास रात्रीचे असतात. माणूस जेवून निघतो, गाडीत आडवा होतो आणि सकाळी सातला नांदेडला चहा पितो. त्याचा कामाचा एकही तास गेलेला नसतो. तुमचं विमान दुपारी दीडला सुटलं, तर मला सकाळी अकराला घर सोडावं लागतं आणि संध्याकाळी साडेचारला घरात पाय पडतो. ऑफिसची सुट्टी अख्खी गेली. तिकडच्या कचेऱ्या, बँका, डॉक्टरांची ओपीडी, सगळं बंद व्हायच्या बेतात. परतीलाही तसाच एक दिवस. चार तासांच्या कामासाठी विमानाला तीन दिवस लागतात, आणि बसनं दोन रात्री व एक दिवस. माझ्या मते छोटे मार्ग ओस पडण्याचं एक मोठं कारण हेच आहे, आणि ते तुमच्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही, कारण तुम्ही मिनिटं मोजता आणि ती मिनिटं दिवसाच्या कुठल्या भागात पडतात ते मोजत नाही.

मागे एकदा आमच्या शेताच्या वाटणीपत्राची नोंदणी होती. दुय्यम निबंधकांकडे दुपारची वेळ मिळालेली. त्या दिवशी सुदैवानं सकाळचं विमान होतं, म्हणून हौसेनं तिकीट काढलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर मेसेज: ‘ऑपरेशनल कारणास्तव’ विमान दुपारी निघेल. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्या जागी दुसरी असती तरी वेगळं घडलं असतं असं वाटत नाही. भाऊ, बहीण, साक्षीदार, वकील, सगळे तिकडे जमणार आणि सही करणारा एक माणूस इकडे. तासाभरात कपडे भरले, ओळखीच्या एजंटाला फोन लावला. त्यानं शेवटच्या बाकावरची, चाकाच्या वरची जागा दिली. नोंदणी झाली. विमानाचे पैसेही नियमाप्रमाणे परत मिळाले, आठवड्याभरानं. पण त्यानंतर घरात विमानाचा विषय निघाला की बायको म्हणते, ‘काम असेल तर ट्रॅव्हल्सनं जा, फिरायला असेल तर विमानानं.’ ग्राहकाच्या विश्वासाबद्दल याहून थेट अहवाल तुम्हाला सल्लागार कंपनी देणार नाही.

आणखी एक दृश्य, नांदेडच्या काउंटरवरचं. माझ्या पुढे एक धोतरातले काका होते, मुलाकडे हडपसरला निघालेले. बॅग तीन किलो जास्त भरली. काउंटरवरची मुलगी बिचारी समजावून सांगत होती की पंधरा किलोच चालतं, वरच्या किलोला पैसे पडतील. काकांनी बॅग तिथेच फरशीवर उघडली. वर तुरीच्या डाळीची पिशवी, खाली हळकुंडं, मध्ये नातवाच्या अंगावर घालायची गोधडी. त्यांनी गोधडी काढून खांद्यावर घेतली, हळकुंडांची पिशवी काखेत मारली आणि बॅग पुन्हा ठेवली. काटा बरोबर पंधरावर. मग वळून मला म्हणाले, ‘येस्टीत कुनी तोलत नाही बघा.’ आमच्याकडचा माणूस पुण्याला मोकळ्या हातानं येत नाही. छोट्या विमानाला वजनाची मर्यादा असते हे मान्य आहे, तिच्याशी भांडण नाही. पण सामानाचा नियम तिकीट काढताना मराठीत, ठळक अक्षरात सांगितला असता, तर त्यांना चारचौघांत बॅग उघडावी लागली नसती.

नांदेडला विमानाचं अप्रूप नाही, हेही लक्षात घ्या. गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं २००८ साली तिथला विमानतळ नव्यानं उभा राहिला. २७ एप्रिल २०१७ रोजी छोटी शहरं विमानानं जोडायच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेचं पहिलं विमान सिमल्याहून दिल्लीला गेलं, त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवेलाही हिरवा झेंडा दाखवला गेला. म्हणजे देशातल्या या योजनेच्या पहिल्या पानावर नांदेड आहे. ती सेवा चालवणाऱ्या ट्रूजेटची विमानं २०२२ मध्ये थांबली. योजनेचं गणित असं की अर्ध्या आसनांचं भाडं बांधलेलं, सुरुवातीला तासाभराच्या म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या उड्डाणाला २,५०० रुपये, आणि कंपनीचा तोटा तीन वर्षं सरकार भरून काढणार. तीन वर्षांत मार्गाला स्वतःचे पाय फुटावेत अशी अपेक्षा. किती मार्गांना फुटले? नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल सांगतो की योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि अनुदान संपल्यानंतरही, मार्च २०२३ मध्ये, चालू होते फक्त ५४.

या आकड्यांची कारणं अनेक आहेत: विमानतळ तयार नसणं, विमानं भाड्यानं न मिळणं, वैमानिकांची टंचाई, इंधनाचा भाव. त्यांतलं एकही माझ्या आवाक्यातलं नाही. पण वेळेचा मुद्दा मला कळतो, आणि तो तुमच्या हातातला आहे. छोट्या कंपनीचं एकच विमान दिवसभर चार-पाच गावं शिवत फिरतं. सकाळी पहिल्या ठिकाणी अर्धा तास गेला की दुपारी तिसऱ्या ठिकाणी दोन तास जातात. लोहगावच्या सकाळ-संध्याकाळच्या जागा, म्हणजे विमान सुटण्या-उतरण्याच्या ठरवून दिलेल्या वेळा, दिल्ली-बंगळूरसारख्या मोठ्या मार्गांना हव्या असतात, आणि उरलेल्या दुपारच्या जागा गावाकडच्या विमानांच्या वाट्याला येतात. काही छोट्या विमानतळांवर अंधार पडल्यावर उतरायची सोय नाही, काही ठिकाणी हवाई नियंत्रण ठराविक तासांपुरतंच चालू. अशा कात्रीत सापडलेलं वेळापत्रक कुणाच्याच सोयीचं राहत नाही.

सगळ्या मार्गांवर विमान द्या असंही मी म्हणणार नाही. पुणे-कोल्हापूर सरळ रेषेत २१५ किलोमीटर आणि रस्त्यानं त्याहून फार जास्त नाही. तिथे विमान चालवणं म्हणजे हट्ट. नाशिक १७० किलोमीटर. १९ आसनी विमानांचा प्रयोगही त्या मार्गावर होऊन गेला, तो टिकला नाही याचं आश्चर्य वाटायला नको. राजगुरुनगर, नारायणगावचे बायपास झाले तेवढं बरं झालं. सिंधुदुर्गची गोष्ट निराळी, सरळ २९० किलोमीटर असलं तरी मध्ये घाट आहे आणि गणपतीत त्या घाटात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जळगाव सव्वातीनशे, नांदेड ३६५, नागपूर सहाशे. जिथे रस्ता रात्रभराचा आहे, तिथेच विमानाला खरा अर्थ आहे, आणि तिथेच त्याला रात्रीच्या बसशी टक्कर द्यायची आहे. ती टक्कर दुपारी दीड वाजता देता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. अनुदान देऊन मार्ग मंजूर करताना नुसतं अंतर आणि आसनं बघू नका. सुटण्याची वेळही अटीत घाला. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर, दोन्हींपैकी एका बाजूला, आणि आठवड्यात निदान सोमवार व शुक्रवार नक्की. त्यासाठी लोहगावला सकाळच्या दोन-तीन जागा प्रादेशिक विमानांसाठी राखून ठेवा. नवीन टर्मिनल जुलै २०२४ पासून चालू झालं, भव्य आहे, भिंती बघण्यासारख्या आहेत. पण धावपट्टी तीच राहिली आहे, त्यामुळे त्या जागा कुणाच्या तरी वाट्यातून काढून द्याव्या लागतील हे मला समजतं. दिल्लीचं एखादं विमान अर्धा तास पुढे सरकलं तर दिल्लीकराला त्या दिवशी आणखी बरीच विमानं आहेत. नांदेडकराला दुसरं नाही.

दुसरं, वक्तशीरपणाचे मासिक आकडे मोठ्या महानगरांच्या विमानतळांवरून मोजले जातात. अनुदानावर चालणाऱ्या प्रत्येक मार्गाचेही ते जाहीर करा: महिन्यात किती उड्डाणं ठरली होती, किती झाली, किती रद्द झाली, किती वेळा वेळ बदलली आणि किती तास आधी कळवलं. पैसा सार्वजनिक आहे, तर हिशेबही सार्वजनिक हवा. एसटीचा कंट्रोलर फळ्यावर खडूनं लिहितो, तेवढं तरी.

कंपन्यांना एक विनंती. ‘सव्वा तासात नांदेड’ लिहा, खुशाल लिहा, पण त्याच्या खाली काउंटर किती वाजता बंद होईल आणि किती किलो सामान चालेल हे त्याच आकाराच्या अक्षरात येऊ द्या. मेसेज इंग्रजीबरोबर मराठीतही पाठवा. आणि वेळ बदलणारच असाल तर दुपारी चारच्या आत सांगा. त्यानंतर ट्रॅव्हल्सला फक्त चाकावरची सीट उरते.

पुरंदरच्या नियोजित विमानतळाचाही विचार आत्ताच करायला हवा. उद्या विमानतळ तिकडे गेला तर सासवडकर खूश होतील, पण हिंजवडी, चाकण, वाघोलीच्या माणसाचा जमिनीवरचा वेळ आणखी वाढेल. दिल्लीला जाणारा तो सोसेल, कारण त्याला दुसरा पर्याय नाही. साडेतीनशे किलोमीटरवर जाणारा सरळ बसकडे वळेल. पुरंदर होईल तेव्हा होईल, छोट्या मार्गांची विमानं लोहगावलाच ठेवता येतील का, हे हवाई दलाशी आत्ताच बोलून ठेवा. नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ पुण्याचेच खासदार आहेत; नगर रोडची संध्याकाळ त्यांना समजावून सांगायची गरज नाही.

हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होतं आणि उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारी. त्याआधी काही आठवडे तुमच्याकडे वेळांचे तक्ते येतात, जागा वाटल्या जातात, सह्या होतात. पुढच्या तक्त्यात पुणे-नांदेडच्या ओळीसमोर कुठली वेळ पडणार आहे आणि ती सकाळची का असू शकत नाही, एवढ्या एका प्रश्नाचं लेखी उत्तर द्यावं. उत्तर ‘प्रवासी नाहीत’ असं असेल, तर एखाद्या रात्री साडेनऊला संगमवाडीला माणूस पाठवून मोजणी करून मगच ते पाठवावं.

आपला,
वाघोलीत राहणारा एक नांदेडकर